दारापर्यंतचा वेग आणि माजघरातला वेग

घरात इंटरनेटची जोडणी घेतली, महिन्याचे पैसे वेळेवर भरले, केबलवाल्याने सांगितलेला वेग दारातल्या डब्याजवळ उभे राहून तपासला तेव्हा तो पुरेपूर मिळालाही. आणि तरीदेखील माजघरात बसलेल्या मुलीचा व्हिडिओ कॉल मधेच गोठतो व माडीवर तर रेंज म्हणून येत नाही, ही तक्रार आता केवळ शहरांची राहिलेली नाही. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीसारख्या गावात तर जुन्या घरांची बांधणीच अशी असते की, ही तक्रार उद्भवली नाही तरच नवल.

ही तक्रार चैनीची आहे असे मानण्याचे दिवस गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा पुणे, हैदराबाद, बेंगळुरू येथे नोकरीस असलेली अनेक मुले आपापले संगणक काखोटीस मारून गावी परतली आणि कचेरीचे काम घरच्या सोप्यात बसून करू लागली. कचेऱ्या उघडल्यावर बहुतेकांना परतावे लागले. तथापि आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची मुभा कित्येक ठिकाणी कायम राहिली. वृद्ध आईबापांजवळ महिन्यातले आठ-दहा दिवस राहावयास मिळणे किंवा न मिळणे, हे आता पुष्कळदा घरातल्या एका खोलीत इंटरनेट नीट चालते की नाही यावर ठरते. प्रवेशपरीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, पीकविमा, जमिनीचे उतारे ही सारी कामेही त्याच वाटेने होतात. शिवाय हा मुलूख सीमेवरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तोडून मुंबई राज्यास जोडण्यात आले. जिल्हा विभागला गेला तरी सोयरिकी विभागल्या गेल्या नाहीत. लेक पलीकडे, माहेर अलीकडे, अशा घरांत संध्याकाळचा व्हिडिओ कॉल हा रोजच्या जेवणाइतकाच नित्याचा झाला आहे.

रेंज अडली की घरातील कर्ता माणूस सहसा एकच उपाय करतो. तो म्हणजे मोठा प्लॅन घेणे. पन्नास मेगाबिटांचे शंभर होतात, शंभराचे दोनशे होतात. पैसे वाढतात, माजघरातील कॉल मात्र पूर्वीसारखाच गोठत राहतो. याचे कारण सांगावयाचे तर घराबाहेरच पाहावे. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग हुमनाबादवरून जातो. तो चौपदरी झाला म्हणून गावातल्या वाड्याकडे जाणारी बोळ काही रुंद होत नाही. बैलगाडी अडावयाची ती बोळीतच अडते. इंटरनेटचेही तसेच आहे. गावाबाहेरून दारापर्यंत येणारी वाट वेगळी आणि दारापासून माजघरापर्यंत जाणारी वाट वेगळी. पहिली तारेतून येते, दुसरी हवेतून जाते. पहिलीचे दुखणे आणि दुसरीचे दुखणे यांची औषधे निराळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्यास देण्यातच लोकांचा बराच पैसा वाया जातो.

पहिल्या वाटेविषयी थोडेसे. भारत सरकारने २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले, तेव्हा सेकंदास २५६ किलोबिट एवढ्या वेगास ब्रॉडबँड म्हणावे असे ठरले होते. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिटांवर गेली आणि २०२३ च्या जानेवारीत २ मेगाबिटांवर. आरंभीच्या त्या वर्षांत भारत संचार निगमची जोडणी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. तांब्याच्या तारेत अंतराबरोबर संदेश क्षीण होत जातो. टेलिफोन केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला भरपूर वेग आणि चार किलोमीटरवर राहणाऱ्याला नावापुरता, असा प्रकार होई. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ग्रामपंचायतीपर्यंत आलेला तंतू तेथून घराघरांत नेण्याचे काम स्थानिक उद्योजकावर सोपविणे हा या नव्या रूपाचा एक भाग आहे.

हा तंतू म्हणजे केसासारखी बारीक काच. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रकाश वळवून नेता येतो, हे नरिंदरसिंग कपानी या पंजाबी शास्त्रज्ञाने लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांतून १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध करता आली तर तीतून दूरवर संदेश पाठविता येतील, असे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले व त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्या पद्धतीने बहुतेक घरांत काचतंतू येतो, तीत वीस किलोमीटरपर्यंतचे अंतर फारशी हानी न होता तोडता येते. परंतु एक गोष्ट केबलवाला आपण होऊन सांगत नाही. केंद्रातून निघालेला एक तंतू एकाच घरासाठी नसतो. पाटाचे पाणी चाऱ्यांतून शेतोशेत फुटावे, त्याप्रमाणे तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. त्या सर्वांना मिळून सेकंदास सुमारे अडीच गिगाबिट उतरतात आणि उलट दिशेने सव्वा गिगाबिट चढतात. बत्तीस घरांनी एकाच क्षणी धाव घेतली नाही तर कोणासही तोटा जाणवत नाही. रात्री नऊला सर्वांनी एकदम चित्रपट लावले आणि पुढे केंद्रापासूनची वाटच अरुंद असली, म्हणजे मात्र ‘शंभरपर्यंत’ या शब्दातील ‘पर्यंत’चा अर्थ कळतो.

आता खरोखर लागते किती, हेही पाहिले पाहिजे. बरा व्हिडिओ कॉल सेकंदास दोन ते चार मेगाबिटांत भागतो. स्वच्छ चित्राचा चित्रपट पाचाच्या आसपास घेतो, अतिस्वच्छ चित्राचा पंधरा ते पंचवीस. पाच माणसांच्या घरात दोन कॉल, एक चित्रपट आणि दोन फोन एकाच वेळी चालू आहेत असे धरले, तरी पन्नास मेगाबिटांची जोडणी पुरून उरते. (मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपट अंतर आहे, हे जाता जाता ध्यानात घ्यावे. शंभर मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. त्यात फसवणूक नाही, नुसते माप निराळे आहे.) ज्याला घरून काम करावयाचे आहे, त्याने उतरत्या वेगापेक्षा चढता वेग विचारावा, कारण आपला चेहरा आणि आपला आवाज चढत्या वाटेने जातो. काही स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याचा ठराविक साठा संपल्यावर वेग एकदम खाली येतो. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतरच नेट मंद होत असेल, तर भिंतींना दोष देण्याआधी ती अट वाचावी.

रोग कोणत्या वाटेवर आहे हे ओळखण्यास वैद्य लागत नाही, एक संध्याकाळ पुरते. संगणक राऊटरला तारेने जोडावा आणि वेग मोजावा. वेग मोजण्याची साधने फुकट मिळतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ फोनवर चालते, संगणकासाठीही अनेक आहेत. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, असे तीनदा मोजून आकडे वहीत लिहावेत. मग तार काढून त्याच खोलीत, नंतर माजघरात आणि शेवटी माडीवर मोजावे. तारेवर शंभर मिळतात, त्याच खोलीत हवेतून ऐंशी मिळतात आणि माजघरात तीन, असे उत्तर आले, तर दारापर्यंतची वाट निर्दोष आहे. तेथे दोनशेचा प्लॅन घेतला तरी माजघरात तीनच राहतील. उलट तारेवरच रात्री शंभराचे वीस होत असतील, तर घरात कितीही यंत्रे आणून ठेवली तरी व्यर्थ. एक मधली खूणही ओळखून ठेवण्यासारखी आहे. प्लॅन दोनशेचा, पण तारेवर कितीही वेळा मोजले तरी आकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या वर सरकत नाही, असे झाले तर प्लॅनचा दोष नसून जुन्या राऊटरचे छिद्रच शंभर मेगाबिटांचे आहे, अथवा तारेतील आठांपैकी चारच तंतू धड आहेत. असे घर वाढीव प्लॅनचे अर्धे पैसे निव्वळ दान करीत असते.

हवेतली वाट

घरात कोणी सत्तरी ओलांडलेले असेल, तर त्यांना पुढचा भाग तरुणांपेक्षा लवकर समजेल. रेडिओसाठी माळवदावर दोन बांबूंमध्ये तार ताणून बांधलेली त्यांनी पाहिली असेल. वाय-फाय हाही रेडिओच. फरक लहरींच्या लांबीत आहे. मध्यम लहरींवरील केंद्राची एक लहर दोनशे ते साडेपाचशे मीटर लांबीची असते. एवढ्या मोठ्या लाटेपुढे घराची भिंत म्हणजे नदीच्या पुरापुढे दगडाचा खडा. लाट तिला ओलांडून निघून जाते. वाय-फायची जुनी लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित मोठी, आणि नवी तिच्याही निम्म्याहून लहान. आखूड लहरी भिंतीपलीकडे जातच नाहीत असे नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच आखूड लहरी भिंतींतून पाठवून पलीकडे घंटा वाजवून दाखविली होती. पण घंटा एकदा वाजविणे निराळे आणि सेकंदास लक्षावधी अक्षरे बिनचूक पोहोचविणे निराळे. प्रत्येक भिंत लहरीचे काही बळ शोषून घेते. किती शोषते, ते भिंत कशाची आणि किती जाड यावर अवलंबून.

येथे या पट्ट्यातील घर डोळ्यांसमोर आणावे लागते. बीदर-हुमनाबादचे पठार जांभ्याचे; बीदरचा किल्लाही त्याच दगडात उभा आहे. जुन्या घरांच्या भिंती दगडाच्या आणि मातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. समोर सोपा, मग चौक, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर व देवघर, वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात अशा घरातला गारवा सिमेंटच्या घराला येत नाही, आणि ज्या जाडीमुळे ऊन आत येत नाही त्याच जाडीमुळे वाय-फायही आत येत नाही. अशी एक भिंत ओलांडताना लहरीच्या बळाचा दहावा हिस्साही पुष्कळदा उरत नाही; दोन भिंती ओलांडल्या की दहाव्याचा दहावा. पावसाळ्यात मातीच्या भिंती ओल धरतात आणि पाणी हे या लहरींचे मोठेच शोषक असल्यामुळे जुलै-ऑगस्टात रेंज अधिकच रोडावते. नव्या बांधणीच्या घरांत भिंती पातळ असतात, पण छतात लोखंडी सळ्यांची जाळी असते. त्यामुळे एकाच मजल्यावर ठीक आणि माडीवर शून्य असा अनुभव येतो. पत्र्याची पडवी, लोखंडी कपाट, स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी, मोठा आरसा यांवरून लहर परावृत्त होते. अशा घरात लहर भिंतीतून न जाता बहुधा दारांतून आणि खिडक्यांतून जाते. चौकाकडे उघडणारे दार लोटून घेतले की आतला कॉल तुटतो, त्यात जादू काही नाही.

आजकालचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो पण मंद असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण पहिल्याच जाड भिंतीपाशी दमतो. सोप्यात बसणाऱ्याने दुसरा वापरावा, आतल्याने पहिला. पहिल्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता केवळ तीनच वाहिन्या मावतात, १, ६ आणि ११. हुमनाबादच्या बाजारपेठेत जेथे दुकानाला दुकान लागून आहे, तेथे या तीन वाहिन्यांत दहा-वीस राऊटर कोंबलेले असतात. सुट्या घरांच्या गावात ही अडचण थोडी.

आणखी एक गैरसमज विक्रेत्यांनी बराच पोसला आहे. सहा काड्यांचा, अधिक शक्तीचा राऊटर आणला की सर्व घर व्यापेल, असे सांगितले जाते. पण वाय-फाय हे भाषण नव्हे, संभाषण आहे. राऊटरने मोठ्याने हाक मारली आणि ती माजघरातील फोनला ऐकू गेली, तरी फोनचे उत्तर राऊटरला ऐकू आले पाहिजे. फोनचा आवाज मुळात लहान. त्याची बॅटरी लहान, त्याची काडी फोनच्याच पोटात. म्हणूनच फोनवर रेंजच्या तीन रेघा दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. दूर बसलेल्या एका फोनामुळे साऱ्यांचेच नेट मंदावते, तेही याच कारणाने. आडावर एकच रहाट असावा आणि गळक्या पोहऱ्याने पाणी काढणारा एखादा तेथे उभा राहावा, तसे हे असते. तो चार घागरी भरेपर्यंत मागची सारी रांग खोळंबते. आतल्या खोलीतील जुना फोन हवेतला वेळ असाच अडवून धरतो. त्याच्याजवळ चांगली लहर नेऊन पोहोचविली की फायदा एकट्या त्याचा होत नाही, सबंध घराचा होतो.

भिंतीला वळसा

पहिला उपाय फुकटचा आहे आणि म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही. डबा हलवावा. कंपनीचा माणूस तंतू ज्या खिडकीतून आत येतो त्याच खिडकीखाली, दूरदर्शन संचाच्या मागे डबा ठोकून जातो. त्याला दिवसात आणखी चार घरे करावयाची असतात. म्हणजे निम्मी लहर रस्त्यावर जाते, उरलेली संचाच्या पाठीवर आपटते. काम चालू असतानाच त्याला सांगून तंतू चौकाच्या बाजूने, घराच्या मध्याजवळ, पुरुषभर उंचीवर न्यावा. जास्तीच्या तंतूस थोडे पैसे पडले तरी द्यावेत. तंतूवर खिळा ठोकू नये, दाराच्या फटीत तो चेपू नये, आणि बोटाभोवती गुंडाळावा तसा मुडपू तर मुळीच नये. काच तुटली नाही तरी वळणावर प्रकाश बाहेर गळतो. डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागला, म्हणजे तंतूतून प्रकाश येईनासा झाला असे समजावे. तेथे राऊटर बंद-चालू करून काही साधत नाही.

जाड भिंतीच्या घरातला खरा उपाय मात्र तारेचा आहे. भिंतीतून लहर जात नाही, पण भिंतीला पाडलेल्या एका बारीक भोकातून तार जाते, किंवा दाराच्या चौकटीवरून तरी जातेच. कॅट-६ जातीची तार शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता नेता येते आणि कोणत्याही वाड्यास त्याहून लांब तार लागत नाही. ती विकत घेताना डोळे उघडे ठेवावेत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून विकली जाते. टोकाचा तंतू चाकूने खरवडावा. आत पांढरे दिसले तर परत द्यावी. तार माळवदावरून न्यावयाची असल्यास उन्हाला टिकणाऱ्या काळ्या वेष्टनाची घ्यावी, नळीतून न्यावी आणि विजेच्या तारांना चिकटवू नये.

या तारेच्या आतल्या टोकाला दुसरे वाय-फायचे यंत्र लावावयाचे. नवे घेतले तर उत्तम. पण नवी जोडणी घेतल्यावर जुना राऊटर फळीवर धूळ खात पडलेला असतो, तोही हे काम करतो. त्याच्या मांडणीत शिरून घरातील यंत्रांना पत्ते वाटण्याचे त्याचे काम बंद करावे. ते काम मुख्य राऊटरनेच करावयाचे असते, एका घरात दोन कारभारी असले की गोंधळ होतो. मुख्य तार त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या छिद्रात न घालता शेजारच्या ‘लॅन’च्या छिद्रात घालावी. नाव आणि संकेतशब्द दोन्हींचे सारखेच ठेवावेत, वाहिनी मात्र वेगळी. पहिला १ वर तर दुसरा ११ वर. मग सोप्यातून माजघरात आलेला फोन आपण होऊन जवळच्या यंत्राला धरतो. संकेतशब्दाची गोष्ट निघालीच आहे तर, डब्याच्या पाठीवर छापून आलेला तसाच ठेवू नये. तो गावातल्या अर्ध्या पोरांना ठाऊक असतो.

हिशेब मांडून पाहावा. महिन्याला दोनशे रुपये जास्तीचा प्लॅन घेतला, तर कर धरला नाही तरी वर्षाचे २,४०० रुपये होतात आणि ते दर वर्षी द्यावे लागतात. एवढ्या रकमेत घरापुरती चांगली तार, दोन टोके आणि बसविण्याची मजुरी बहुधा भागते, आणि ती एकदाच द्यावयाची असते.

तार नेणे अगदीच शक्य नसेल, तर पुनःप्रक्षेपक म्हणून मिळणारी, भिंतीतल्या सॉकेटला लावावयाची लहान डबी वापरतात. ती ऐकलेले पुन्हा बोलते. ऐकणे आणि बोलणे एकाच पट्ट्यावर चालत असल्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यात जातो आणि वेग अर्ध्यावर येतो. त्याहून मोठी चूक ती लावण्याच्या जागेत होते. जेथे रेंज नाही तेथेच लोक ती लावतात. जिला स्वतःलाच ऐकू येत नाही ती दुसऱ्यास काय सांगणार? ती वाटेच्या मध्यावर, राऊटर आणि माजघर दोन्हींकडे उघडी वाट असेल तेथे, म्हणजे चौकाच्या दारापाशी लावावी. दोन-तीन यंत्रांचे ‘मेश’ नावाचे संच अलीकडे मिळतात. ते अधिक हुशार आहेत, महागही आहेत. पण त्यांच्यातील आपापसांतले बोलणेही हवेतूनच होणार असेल, तर अडीच फुटी भिंत त्यांनाही तितकीच जाड. त्यांच्यातही तार घालता येते, आणि घातली म्हणजेच त्यांचे मोल वसूल होते.

शेतातील वस्तीवर किंवा गोठ्यापर्यंत नेट न्यावयाचे असेल, तर दोन लहान ताटल्यांसारख्या ॲंटेना समोरासमोर लावून ५ गिगाहर्ट्झवर दुवा जोडता येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने हा पट्टा उघड्यावरही परवान्याविना वापरण्यास मोकळा केला, तेव्हापासून यात कायद्याची अडचण नाही. अट एकच, एका ताटलीला दुसरी दिसली पाहिजे. आणि दिसणे हे हंगामावर अवलंबून असते. चैत्रात रिकाम्या रानावरून उत्तम चाललेला दुवा दिवाळीच्या सुमारास अडखळू लागतो, कारण मधल्या शेतातला ऊस तोवर दहा फूट वाढलेला असतो आणि त्याची पाने पाण्याने भरलेली असतात. खांब उभा करतानाच उसाची उंची धरून चालावे.

विजेचा विचार या भागात टाळून चालत नाही. राऊटरला लागणारी वीज अगदी थोडी. बारा व्होल्टची एक लहानशी बॅटरीपेटी त्याला दोन-चार तास जिवंत ठेवते. तंतूचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील, तर पेटीने दोघांनाही पोसले पाहिजे. मात्र घरात बॅटरी असूनही वीज जाताच नेट जाते, असा अनुभव काहींना येतो. त्याचे कारण रस्त्यावरच्या खांबावर असते. शुद्ध काचतंतूच्या पद्धतीत प्रकाश वाटणारी डबी विजेविना चालते. परंतु काही ठिकाणी केबलवाला तंतू गल्लीच्या तोंडापर्यंतच आणतो आणि तेथे खांबावरच्या पेटीत विजेवर चालणारे यंत्र बसवून पुढे तांब्याची तार घरोघर नेतो. गल्लीची वीज गेली की ती पेटी झोपते. शिवाय मृगाच्या वादळी पावसात अशा तांब्याच्या तारेवाटे विजेचा लोळ घरात शिरून यंत्रे जाळतो. काचेतून वीज वाहत नाही. म्हणून नवी जोडणी घेताना विचारण्याचा पहिला प्रश्न वेगाचा नसून हा आहे: घराच्या आतपर्यंत काच येणार की खांबापासून तांबे? त्यामागोमाग चढता वेग, साठ्याची अट, आणि दिला जाणारा राऊटर दोन पट्ट्यांचा आहे का, हे विचारावे. जेथे तंतू पोहोचलेलाच नाही, तेथे २०२३ पासून मनोऱ्यावरून पाचव्या पिढीच्या लहरींनी घरपोच नेट देण्याची सोय खासगी कंपन्यांनी सुरू केली आहे. मनोरा जवळ असेल तर ती कामाची आहे. मात्र दारात येऊन थांबण्याचा गुण तिच्याही अंगी आहे, आणि माजघराचा प्रश्न तेथेही तारेनेच सोडवावा लागतो.

राहता राहिली तक्रार. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीने प्रत्येक तक्रारीस क्रमांक दिलाच पाहिजे, आणि निवारण झाले नाही किंवा ते समाधानकारक वाटले नाही तर त्या कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ‘नेट मंद आहे’ एवढेच तोंडी सांगितले, तर पलीकडचा माणूस राऊटर बंद-चालू करावयास सांगून फोन ठेवतो. तारेवर, रात्री नऊ वाजता, लागोपाठ सात दिवस मोजलेले आकडे तारखांसह पुढे ठेवले, तर त्याला खांबापर्यंत माणूस पाठवावा लागतो. त्यासाठीच ती वही राऊटरच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवावी, आणि तक्रारीचा क्रमांक तिच्याच समासात लिहावा.